'द किंग ऑफ कॉमेडी' : अपहरण झालं, कार्यक्रम ठरल्या वेळी झाला

रिकामटेकडी

काल रात्री मार्टिन स्कॉर्सेसीचा 'द किंग ऑफ कॉमेडी' (१९८३) पाहिला आणि अजून डोक्यातून जात नाही. नावात कॉमेडी, पोस्टरवर कॉमेडी, आणि मी मात्र पावणेदोन तास अंग चोरून बसलेली. पुढे सगळं कथानक फोडलंय. पाहायचा असेल त्यांनी इथूनच मागे फिरा. चाळीस वर्षं जुन्या सिनेमाला कसला आलाय इशारा म्हणणाऱ्यांनी या, बसा.

रूपर्ट पपकिन (रॉबर्ट डी नीरो) हा तिशी उलटलेला, आईच्या घरात राहणारा, सह्या गोळा करणारा गडी. जेरी लँगफर्ड (जेरी लुईस) या टीव्हीवरच्या बड्या सूत्रसंचालकाच्या कार्यक्रमात आपल्याला विनोद सांगायची संधी मिळावी, एवढं एकच वेड. जेरी त्याला गाडीत दोन गोड शब्द बोलून वाटेला लावतो, 'ऑफिसात फोन कर' म्हणतो. रूपर्टला तो होकार वाटतो. मग ऑफिसच्या खेपा, तिथून हकालपट्टी, बोलावलं नसताना मैत्रिणीला घेऊन जेरीच्या गावाबाहेरच्या घरी जाणं (हा प्रसंग मी उशी तोंडावर धरून पाहिला), आणि शेवटी माशा नावाच्या दुसऱ्या वेडीच्या साथीने जेरीलाच उचलणं. पिस्तूल खोटं. खंडणी एकच : आज रात्रीच्या कार्यक्रमात पहिला पाहुणा मी.

आणि ती मिळते! कार्यक्रम होतो, लोक हसतात, हा तुरुंगात जातो, पुस्तक लिहितो, बाहेर येतो तो स्टार होऊन.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. शेवटचा भाग खरा घडतो की रूपर्टच्या डोक्यात? आणि या सगळ्यात नेमकं हसायचं कुठे?

उचापती

हसायचं असं कुणी सांगितलं? बोर्डावर 'टाळ्या' लिहून येईपर्यंत थांबायचं असतं.

दुपारचा शो

रिकामटेकडी, छान विषय काढलात. हा सिनेमा तेव्हाही कुणाला पचला नव्हता. सुमारे २ कोटी डॉलर खर्च, अमेरिकेत गल्ला २५ लाखांच्या आसपास. म्हणजे साफ आपटला. त्याच वर्षी कान महोत्सवाची सुरुवात याच सिनेमाने झाली होती, ही गंमत वेगळीच.

शेवटाबद्दल. आधीची स्वप्नं कशी दाखवलीत ते आठवा. जेरी त्याच्यासमोर जेवायला बसून 'सहा आठवडे माझा कार्यक्रम तू सांभाळ रे' म्हणून गयावया करतो. टीव्हीवर त्याचं लग्न लागतं, तेही शाळेच्या जुन्या मुख्याध्यापकाच्या हस्ते, आणि मुख्याध्यापक सगळ्या देशासमोर त्याची माफी मागतात. या प्रसंगांना ना धूसर कडा, ना वीणेचे झंकार. सरळ कट. वास्तवातलं दृश्य आणि मनातलं दृश्य यांचा पोत एकच ठेवलाय. कॅमेराही इथे जागचा हलत नाही फारसा, 'रेजिंग बुल'मधली ती घोंघावती फिरकी करणारा दिग्दर्शक हाच का, असं वाटतं. त्यामुळे शेवट आला की आपल्याकडे तो तपासायला फूटपट्टीच उरत नाही. माझं मत : मनातला. इतकं सगळं मनासारखं फक्त मनातच होतं.

भोचक

+१. मुख्याध्यापकाच्या माफीला मी जोरात हसलो आणि मग आपलेही काही मुख्याध्यापक आठवून गप्प झालो.

जुना वार्ताहर

मी उलट बाजूचा. शेवट शंभर टक्के खरा आहे. ज्याने बातम्यांच्या धंद्यात चार दिवस काढलेत त्याला त्यात अशक्य असं काहीच दिसणार नाही.

हा सिनेमा लिहिला पॉल झिमरमन यांनी. ते 'न्यूजवीक'चे सिनेसमीक्षक होते. म्हणजे साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर कोण जातं आणि का जातं, हे त्यांनी आतून पाहिलेलं. शेवटी रूपर्टचा चेहरा मोठमोठ्या साप्ताहिकांवर झळकतो तो भाग त्यांना कल्पनेने लिहावा लागला नसणार.

बारकाईने पाहा, अपहरण चालू असताना पत्रकार जवळजवळ दिसतच नाहीत. ना बूम घेऊन धावणारी झुंड, ना 'सर्वात आधी आमच्याकडे'. दिसतात ते नेटवर्कचे साहेब, वकील, पोलीस. सगळे एका खोलीत बसून ठरवतात : दाखवायचा की नाही? जेरीच्या जिवाची काळजी आहेच. पण काळजी करता करता कार्यक्रम ठरल्या वेळी होतो. बदली निवेदक आलेला असतो, वादक असतात, प्रेक्षक असतात. अपहरण हा त्या दिवशीच्या वेळापत्रकातला एक बदल, बस्स. गोंधळ घालणारी माध्यमं दाखवणं सोपं असतं हो. इथे कुणीच गोंधळ घालत नाही, ते जास्त भयंकर आहे.

रिकामटेकडी

वार्ताहर, हे लक्षातच आलं नव्हतं. आणि तो फोनचा प्रसंग! जेरी ओलीस असताना स्वतःच्याच ऑफिसला फोन करतो आणि तिथे कुणी मानायलाच तयार नाही की हा जेरी आहे. कारण जेरीची नक्कल करून फोन करणारे रोजचेच. जीव टांगणीला लागलाय आणि माणूस स्वतःची ओळख पटवत बसलाय. त्यात रूपर्ट समोर मोठ्या अक्षरातले पुठ्ठे धरतो, त्यातला एक कोरा, एक उलटा. इथे मात्र मी खदाखदा हसले. कबूल.

दुपारचा शो

त्या प्रसंगात फोन घेणारा निर्माता कोण आहे माहितीये? फ्रेड डी कॉर्डोव्हा. अमेरिकेतला बडा टीव्ही सूत्रसंचालक जॉनी कार्सन, त्याच्या खऱ्याखुऱ्या 'टुनाइट शो'चा खराखुरा निर्माता. जेरीची भूमिका आधी कार्सनलाच देऊ केली होती, तो नको म्हणाला. बदली निवेदक म्हणून येणारा नट टोनी रँडल स्वतःच्याच नावाने आलाय. रूपर्टच्या आईचा फक्त आवाज ऐकू येतो, तो स्कॉर्सेसीच्या आईचा. आणि रस्त्यात ती बाई जेरीकडे सही मागते, मग फोनवरच्या भाच्याशी बोला म्हणते, जेरी घाईत आहे म्हटल्यावर त्याच क्षणी 'तुला कॅन्सर होवो' म्हणून शाप देते, तो प्रसंग जेरी लुईसच्या स्वतःच्या आयुष्यातला. म्हणजे ज्याला आपण अतिशयोक्ती समजतो तो भाग बऱ्याचदा टिपून घेतलेला आहे.

काळाकोट

शेवट खरा की खोटा यावर कायद्याच्या बाजूने थोडं. (सवय. माफ करा.)

निवेदक सांगतो की पपकिनला सहा वर्षांची शिक्षा झाली, ॲलनवूडच्या कमी बंदोबस्ताच्या तुरुंगात. सुटतो तो २ वर्षं ९ महिन्यांत. ॲलनवूड हा संघराज्याचा तुरुंग. आता अमेरिकेत अपहरण हा मुळात राज्याचा विषय. १९३२ मध्ये प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्गच्या तान्ह्या मुलाचं अपहरण झालं, देशभर हलकल्लोळ माजला आणि त्याच वर्षी संघराज्याचा कायदा आला, पण तो मुख्यतः राज्याची सीमा ओलांडून नेलं तर लागू. जेरीला उचललं मॅनहॅटनमध्ये, ठेवलं मॅनहॅटनमध्येच माशाच्या घरी. हा एक खडा.

दुसरा खडा मोठा आहे. पुस्तकाचे दहा लाखांहून जास्त डॉलर. १९७७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने नेमका याच्यावरच कायदा केला होता. 'सन ऑफ सॅम' या नावाने ओळखला गेलेला खुनी पकडला गेला, त्याच्या कहाणीसाठी प्रकाशक थैल्या मोकळ्या करतील अशी चर्चा सुरू झाली, म्हणून. गुन्हेगाराने आपल्या गुन्ह्याची गोष्ट विकली तर पैसे त्याच्या हातात न पडता राज्याच्या एका मंडळाकडे जमा व्हायचे, आणि पाच वर्षं ते पीडितांच्या दाव्यांसाठी राखून ठेवायचे.

म्हणजे कायद्याने पाहिलं तर रूपर्टच्या आत्मचरित्राचे पैसे मागण्याचा पहिला हक्क कुणाचा? जेरीचा.

उचापती

अरे वा! म्हणजे जेरीने दावा ठोकायचा, कोर्टात सिद्ध करायला लागणार की तोच जेरी आहे, आणि कारकून म्हणणार, जेरीची नक्कल करणारे रोज येतात.

भोचक

उचापती, दंडवत _/\_

काळाकोट

हाहा. पण गोष्ट इथे संपत नाही. तो कायदा १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावर घाला आणि जाळं फारच मोठं, म्हणून. न्यायालयाने म्हटलं, हाच नियम लावला तर माल्कम एक्सचं आत्मचरित्र, थोरोचं सविनय कायदेभंगावरचं लेखन आणि संत ऑगस्टीनचा कबुलीजबाबसुद्धा यात अडकेल. (ऑगस्टीनने पोरवयात नाशपाती चोरल्या होत्या.)

आणि खटला कोणत्या पुस्तकावरून? हेन्री हिल या गुंडाच्या हकिकतीवरचं 'वाइजगाय'. ज्यावरून १९९० मध्ये 'गुडफेलाज' आला. दिग्दर्शक : मार्टिन स्कॉर्सेसी.

दुपारचा शो

काय सांगता! 'गुडफेलाज' शेकडो वेळा पाहिलाय, हा धागा माहीत नव्हता. म्हणजे ज्या माणसाने १९८३ मध्ये 'गुन्हेगार पुस्तक लिहून श्रीमंत होतो' म्हणून टर उडवली, त्याच्याच पुढच्या सिनेमाच्या मूळ पुस्तकाने गुन्हेगारांना तो रस्ता मोकळा करून दिला. हे कुणी पटकथेत लिहिलं असतं तर 'ओढूनताणून जुळवलंय' म्हणालो असतो.

आणि हो, सिनेमा चित्रित झाला त्या १९८१ मध्ये हा कायदा जिवंत होता, म्हणजे माझी 'सगळं मनातलं' ही बाजू आणखी पक्की झाली. आभारी आहे वकीलसाहेब. फी पाठवतो, पाच वर्षांनी.

जुना वार्ताहर

कायदा होता म्हणून शेवट खोटा, हे पटलं नाही. कायदा का करावा लागला? कारण प्रकाशक तयारच होते. रूपर्टला पैसे मिळतील की नाही हा वेगळा प्रश्न, पण मुखपृष्ठ, प्रसिद्धी, टाळ्या यांना कुठलं मंडळ अडवणार?

सिनेमा चित्रित झाला १९८१ मध्ये. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर १९८० मध्ये, जॉन लेननला ज्याने मारलं त्याने त्याच दिवशी आधी लेननची सही घेतली होती. मार्च १९८१ मध्ये अध्यक्ष रेगनवर गोळ्या झाडणारा तरुण स्कॉर्सेसीच्याच 'टॅक्सी ड्रायव्हर'ने झपाटलेला होता. सही मागणारा हात आणि पिस्तुलाचा हात एकच असू शकतो हे त्या वर्षी सगळ्यांना ठाऊक होतं. त्या पार्श्वभूमीवर हा 'विनोदी' सिनेमा आला. लोक गेले नाहीत यात नवल ते काय?

आणि 'माध्यमं एवढी वेडी नसतात' असं वाटत असेल त्यांच्यासाठी पश्चिम जर्मनीतली एक गोष्ट. ऑगस्ट १९८८. ग्लाडबेक गावी दोघांनी बँक लुटली, ओलीस धरले, पुढे ब्रेमेनमध्ये एक अख्खी शहर बस ताब्यात घेतली. पत्रकार काय करत होते? मुलाखती घेत होते. अपहरणकर्त्यांच्या. पिस्तूल हातात घेऊन ते कॅमेऱ्यांसमोर बोलत होते. कोलोनच्या भर बाजारपेठेत त्यांची गाडी उभी, आत ओलीस बसलेल्या मुली, आणि भोवती पत्रकारांचा गराडा, कुणी ओलीस मुलीलाच विचारतंय की तुला कसं वाटतंय. एक पत्रकार तर वाट दाखवायला त्यांच्या गाडीत बसून गेला. प्रकरण संपलं तेव्हा दोन ओलीस आणि एक पोलीस असे तिघे गेले होते. नंतर तिथल्या प्रेस कौन्सिलने नियम केला, ओलीसनाट्य चालू असताना गुन्हेगारांच्या मुलाखती नाहीत. गाडीत बसलेला तो पत्रकार पुढे तिथल्या सर्वाधिक खपाच्या दैनिकाचा मुख्य संपादक झाला.

रूपर्टला स्टार होताना पाहून कुणाला अतिशयोक्ती वाटत असेल तर वाटो.

रिकामटेकडी

बाप रे. गाडीत बसून गेला?

जुना वार्ताहर

हो. आणि बाहेरचे कशाला, माझंच सांगतो. मी एका वाहिनीच्या डेस्कवर होतो. एक लहान मुलगा पळवल्याची बातमी आली. तासाभरात आईवडिलांचे बाईट, शेजाऱ्यांचे बाईट, शाळेच्या शिपायाचा बाईट, लाल पट्टी, ढणढण संगीत. रात्री नऊचा विशेष कार्यक्रम ठरला, पाहुणे ठरले. दुपारी साडेतीनला आमच्याच वार्ताहराचा फोन : मुलगा सुखरूप आहे, रागावून मावशीकडे गेला होता. मी स्क्रोल टाकायला घेतला. वरून निरोप आला, 'नऊपर्यंत थांबा.'

थांबलो. मीही थांबलो, वेगळा काही नाही मी.

उचापती

नेहमी टवाळी करतो पण इथे सरळच विचारतो. मग अपहरण कुणी केलं म्हणायचं? साडेतीन ते नऊ तो मुलगा कुणाच्या ताब्यात होता?

जुना वार्ताहर

तेव्हापासून हा सिनेमा मला विनोदी वाटतो. तुम्ही कशाला हसता विचारलंत ना, मी नेटवर्कच्या त्या खोलीला हसतो. ओळखीची खोली आहे.

खिडकीपाशी

उशिरा येतेय. सगळे रूपर्टबद्दल बोलताहेत, माशाबद्दल कुणीच नाही. सँड्रा बर्नहार्ड काय कमाल आहे त्यात! जेरीला खुर्चीला चिकटपट्ट्यांनी गुंडाळून ठेवलंय, ममीसारखा, आणि ही समोर मेणबत्त्या लावून, नटूनथटून त्याच्याशी आयुष्यभराच्या गप्पा मारतेय, गाणं म्हणतेय. त्यातलं पुष्कळसं तिने ऐन वेळी रचलेलं आहे म्हणतात, आणि जेरी लुईसच्या डोळ्यांतली धास्ती पाहता पटतंही.

रूपर्टला जेरी नकोच आहे, त्याला जेरीची जागा हवीय. माशाला जागा नको, कॅमेरा नको, तिला माणूस हवाय. दोघांत जास्त भीतीदायक कोण? आणि शेवटी मुखपृष्ठावर कोण? फक्त रूपर्ट. पळवलं दोघांनी, पण ज्याची गोष्ट सांगायला सोपी त्याचाच फोटो छापून येतो. ती बिचारी शेवटची दिसते ती अर्ध्या कपड्यांत रस्त्यावर जेरीच्या मागे पळताना.

भोचक

खिडकीपाशी, प्रतिसाद आवडला. माशाचं 'बिचारी' मात्र मला झेपलं नाही, जेरीला विचारा.

खिडकीपाशी

मान्य, ताईत जपून ठेवावा तशी एक थप्पड जेरीने तिच्यासाठी राखून ठेवलीच होती. :)

दुपारचा शो

बिली वायल्डरचा 'एस इन द होल' (१९५१) याच पंगतीत बसवायला हवा. गुहेत अडकलेल्या माणसाची सुटका एक पत्रकार मुद्दाम लांबवतो, कारण बातमी रोज वाढते आहे. वर जत्रा भरते, पाळणे लागतात. तोही पडला, मग स्टुडिओने नाव बदलून पाहिलं, तरी पडला. आपल्याकडचं म्हणाल तर 'पीपली लाइव्ह' (२०१०), तिथे अपहरण नाही पण नत्था मरणार की नाही यावर ओबी व्हॅनची जत्रा आहे, आणि दिग्दर्शिका अनुषा रिझवी आधी पत्रकारच होत्या. म्हणजे पुन्हा तेच : आतल्या माणसाने काढलेला सिनेमा.

सिनेताऱ्याच्या अपहरणाचं खरं उदाहरण आपल्याकडे कन्नड नट राजकुमार. ३० जुलै २००० ला चंदनतस्कर वीरप्पनने उचललं, १०८ दिवसांनी सोडलं. मध्यस्थीला जंगलात गेले ते 'नक्कीरन' या तमिळ नियतकालिकाचे संपादक गोपाल. पत्रकार बातमीच्या आत जातो तो असाही, हे वार्ताहरांच्या जर्मन गोष्टीशेजारी ठेवण्यासारखं. तिथे विनोदाला जागा नव्हती, बंगळूर पेटायच्या बेतात होतं.

रिकामटेकडी

एक प्रश्न राहिलाच. रूपर्टचे विनोद चांगले आहेत का?

उचापती

बरे आहेत. हीच तर पंचाईत. भिकार असते तर आपण सुटलो असतो, खूप चांगले असते तर तो सुटला असता.

दुपारचा शो

उचापतीशी सहमत व्हायची वेळ यावी! पण एक बघा, तो स्टुडिओत प्रत्यक्ष विनोद सांगतो तेव्हा आपल्याला ते दाखवलेच जात नाहीत. नंतर बारमध्ये, पोलिसांना घेऊन तो त्या मैत्रिणीला, रीटाला, दाखवायला जातो, तिथल्या टीव्हीवर आपण ते पहिल्यांदा ऐकतो. घरच्या हालअपेष्टा, बापाची मारहाण, शाळेतली टवाळी, सगळं हशावारी. शेवटी सांगतो की मी इथे कसा आलो तर जेरीला बांधून ठेवून आलो, आणि स्टुडिओ हसतो. तोपर्यंतचं एकमेव खरं वाक्य, आणि त्यालाच सगळ्यांत मोठा हशा. त्याच वेळी सुटून आलेला जेरी रस्त्यावर, दुकानाच्या काचेतल्या टीव्ही संचांवर हेच पाहतो. तो हसत नाही.

काळाकोट

कायद्याच्या भाषेत त्याला कबुलीजबाब म्हणतात. ८ कोटी ७० लाख घरांसमोर. निवेदकाचाच आकडा.

रिकामटेकडी

तुमच्या चर्चेमुळे आज शेवटची पाच मिनिटं परत पाहिली. आवाज बंद करून. लाल सूट घातलेला माणूस प्रकाशाच्या झोतात उभा आहे. आवाज असताना निवेदक त्याचं नाव पुन्हा पुन्हा पुकारत असतो, टाळ्या थांबत नाहीत, त्यामुळे कळत नाही. आवाज काढला की दिसतं, तो एक शब्दही बोलत नाही. हसरा चेहरा करून नुसता उभा आहे, कुणीतरी पुढचा पुठ्ठा वर धरेल म्हणून वाट पाहत असल्यासारखा.

उचापती

आणि पुठ्ठा कोरा.